बाई गेल्या

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोन करून मला माझ्याच तेरवीची तारीख विचारली. "दादा, बाईची तेरवी कधी हाय जी? काऊन कळवलं नाही आमाले?" फोन माझा मुलगा उचलेल असं त्याला वाटलं होतं.

"मीच बोलतेय, मेल्या," मी म्हणाले. मग त्याने सगळा घोळ सांगितला.

आदल्या दिवशी, रविवारी, तो केशोरीहून अर्जुनीपर्यंत बसने आणि पुढे रेल्वेने गोंदियाला आला होता, पिशवीभर शिंगाडे घेऊन. सोसायटीच्या गेटवर त्याने विचारलं, "बाई हायेत का?" चौकीदाराने वर फोन लावला आणि सांगितलं, "बाई तो गई." याने ते मराठीत ऐकलं. मराठीत आपलं माणूस नुसतं 'गेलं' की रडायचंच. तो शिंगाड्यांसकट परत फिरला आणि गावभर सांगून मोकळा झाला. मी तेव्हा घरातच लाखोरीची डाळ निवडत बसले होते.

जन्मभर केशोरीकडच्या शाळेत शिकवलं. "बाई आल्या" म्हटलं की वर्ग चिडीचूप. एकटी बाई, पण क्रियापद अनेकवचनी. पगारापेक्षा मला त्या 'ल्या'चाच तोरा जास्त. माहेरी बाई म्हणजे मोठी बहीण, धाकटा भाऊ मला अजून तसंच हाक मारतो. आमच्या छत्तीसगढी चौकीदाराची बाई म्हणजे त्याची बायको. आणि मुलाच्या या फ्लॅटमध्ये, जिथे सगळा कारभार हिंदीत चालतो, बाई म्हणजे भांडी घासणारी. ती 'आती है'. तिच्या 'है'वर एक अनुस्वार द्यायलाही जिवावर येतं. भाषेच्या नव्हे, आमच्या.

तणतणत खाली गेले आणि चौकीदाराला चांगलं फैलावर घेतलं.

"माताजी, मैंने तो साहब से ही पूछा था," तो म्हणाला. "बोला, कोई बाई को पूछ रहा है. साहब बोले, बाई तो गई."

साहेब म्हणजे माझा मुलगा. माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात शिकलेला.

तो ऑफिसातून आल्या आल्या विचारलं. मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला, "अगं, मला वाटलं, कामवालीला विचारतायत."

"आणि तुझ्या बाई कोण होत्या रे?"

आता त्याने मान वर केली. "तूच. पहिलीत वर्गात चुकून आई म्हणालो, तर छडी मारली होतीस. शाळेत बाई, घरी आई, हे तूच ठोकून बसवलंस ना? मग घरात कुणी बाई म्हटलं तर मला तू कशी आठवणार?"

भांडायच्या तयारीनेच बसले होते, पण छडी मला आठवतच नव्हती. त्याने डावा हात पुढे करून दाखवला, कुठे बसली होती ते.