मागचं दार नसलेलं घर

गावाकडचं, हट्ट्याचं घर सोडून आम्ही दोघं हिंगोलीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा आई जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते. फ्लॅट तिच्या हयातीतच घेतलेला, पण तिने तो पाहिला नाही. बायकोला दिवस गेल्याचं आई असतानाच कळलं होतं. "तुमी जाऊन संसार मांडा. लेकरू झालं की येते मी," असं आईने तिला सांगितलं होतं. लिफ्टचं ऐकून मात्र ती बराच वेळ हसत होती. "त्या पेटीत बसून वर यायचं? काहून, पाय मोडले का माझे?"

गावाकडे दिवेलागणीला पुढचं दार उघडं आणि मागचं लावलेलं, ही तिची शिस्त. आलेली लक्ष्मी मागून निघून जाऊ नये म्हणून. फ्लॅटला मागचं दार नव्हतं. पहिल्या संध्याकाळी बायकोने देवापुढे दिवा लावला, पुढचं दार सताड उघडलं आणि सवयीने मागच्या खोलीत गेली. तिथे एक खिडकी होती. तिने तीच लावून घेतली.

"इथं एकदा आलेलं माणूस जाईन कुठून?" ती म्हणाली.

मी हसलो. ती हसली नाही.

आमच्याकडे दिवसा दार बंद दिसलं की माणसं परगावी गेली असं समजायचं. इथे सगळीच दारं बंद. त्यामुळे सुरुवातीला इमारत रिकामी वाटे, आणि तरी भिंतीपलीकडून भांड्यांचे आवाज येत.

मग लिफ्टचं लक्षात आलं. आमच्याकडे दिवा लागला की ती खालून वर येई, आमच्या मजल्यावर थांबे. दारं सरकत. आत कोणी नसे. आतला पांढरा उजेड आमच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पडे, मग दारं मिटत. दुरुस्तीवाला येऊन पाहून गेला. सगळं बराबर आहे म्हणाला.

समोरच्या काकू एकदा दारातून म्हणाल्या, "भाऊ, लिफ्टलाबी तुमचाच मजला आवडून राहिला. चहा तरी पाजा तिला!"

"चहा न्हाई चालत त्यांना, काकू," बायको आतून म्हणाली. "दूध लागते."

काकू खूप हसल्या. आई चहा पीत नसे.

त्या दिवशी जेवताना बायको म्हणाली, "आत येत न्हाईत, पाहिलं का तुमी? लेकरू झालं की येते म्हणल्या होत्या. शब्दाच्या पक्क्या आहेत."

मी वायरिंगबद्दल काहीतरी बोललो. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. पण त्या वेळेला हातातलं पुस्तक मिटून मी कान देऊन बसायचो, हेही खरं. बायको बाळंतपणाला माहेरी साखऱ्याला गेल्यावर दिवा मी लावू लागलो, दार मी उघडू लागलो. लिफ्ट येत राहिली. कधी तिच्यातून ओल्या हळदीचा वास येई, आईच्या लुगड्याला यायचा तसा. पण हिंगोली हळदीच्या बाजाराचं गाव; तिथे हळदीचा वास कशाचाच पुरावा होत नाही.

मुलगी झाली. तिला घेऊन बायको परत आली त्या दिवशी वाटेत उशीर झाला. आम्ही लिफ्टने वर आलो तेव्हा दिवेलागणच होती. बाळ पहिल्यांदा घरी आलं की भाकरीचा तुकडा आणि पाणी त्याच्यावरून ओवाळून लांब टाकतात. वाटेत मागे लागलेलं काही असलं तर ते तिथूनच परत फिरावं म्हणून. आमच्यात हे घरातल्या थोरल्या बाईचं काम. बायको दाराबाहेर उभी राहिली. "थांबा जरा," मला म्हणाली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. मलाही थांबायचंच होतं.

तेवढ्यात काकू मायेने तांब्या आणि भाकरी घेऊन धावत आल्या. "पोरी, लेकराला घेऊन अशी बाहेर काहून उभी? सासू न्हाई तर मी हाये ना!" त्यांनी ओवाळलं. तुकडा टाकायला अंगण नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आमच्या मागे लिफ्ट अजून उघडीच होती.

"काकू, तिथं न्हाई..." बायको म्हणाली.

तुकडा आत जाऊन पडला. पाणी दाराशी सांडलं. "झाडून घेते मी सकाळी," काकू म्हणाल्या. लिफ्टची दारं मिटली आणि ती खाली गेली. कोणी बोलावल्याचा आवाज आला नव्हता. खाली जाईपर्यंत ती आम्हाला ऐकू येत होती.

त्यानंतर ती आपणहून कधी वर आली नाही.

मुलगी आता रांगते. बायको अजूनही दिवा लावून दार उघडते. मागची खिडकी मात्र ती लावत नाही. तिथून वारा येतो, दिवा विझतो. एकदा मी लावायला गेलो तर म्हणाली, "असू द्या. दारातून परत धाडलं आपण त्यांना. दुसरी एखादी वाट असू द्या."

खिडकीत माझी पुस्तकं रचलेली होती. ती मी उचलून खाली ठेवली.