सहावा बिल्ला

बिल्ला हातात आला की भाऊ आधी तो उलटा करायचे. पुढचं रॉकेट, तारे, इंग्रजी अक्षरं, सगळं नंतर. आधी मागची शिलाई. दोऱ्याच्या गाठी अंगठ्यानं चाचपत म्हणायचे, "सामनेचं तं सगळेच पाहतात, मास्तर."

गोंडपिपरीच्या पोस्टात मी खिडकीवर बसायचो, तेव्हाची ही गोष्ट. भाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. गावातल्या शाळेत ते प्रयोगशाळेचे शिपाई होते. घर ढिवरांचं. त्यांचे सख्खे भाऊ सगळे तलावात जाळं टाकणारे, हे एकटेच नोकरीला लागलेले. तीस वर्षं त्यांनी परीक्षानळ्या धुतल्या, स्पिरिटचे दिवे भरले, बेडूक पकडून आणले. प्रयोग मात्र कायम दुसऱ्यानं केला. तुमच्याही शाळेत असा एक माणूस असेल. त्याचं नाव आठवतंय का बघा.

नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली होती. अमेरिकेत एका खाजगी कंपनीनं माणूस अंतराळाच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन सुखरूप खाली आणला, अशी बातमी पेपरात आली. भाऊ ते कात्रण घेऊन खिडकीशी आले.

"सरकारनं नाई, मास्तर. साध्या लोकायनं केलं हे."

चंद्रपूरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात त्यांनी चौकशी केली होती. अशा कंपन्या प्रत्येक उड्डाणासाठी एक कापडी बिल्ला शिवून घेतात आणि तिथली कामगार माणसं तो बाहीवर लावतात, असं त्यांना कळलं. तो बिल्ला भाऊंना हवा होता. पत्ता चिठ्ठीवर लिहून आणलेला.

भाऊ बोलले, मी इंग्रजीत लिहिलं.

"लिवा, मी लॅबमधला मानूस हाय. शिपाई नका लिवू."

तीन महिन्यांनी जाड पाकीट आलं. आत बिल्ला आणि दोन ओळींचं पत्र. त्या दोन ओळी त्यांनी माझ्याकडून चारदा वाचून घेतल्या.

"मले लॅब असिस्टंट करा म्हून वरच्या ऑफिसले सात अर्ज केले मी. एकाचंबी उत्तर नाई. अन् यायले एक चिठ्ठी लिवली, तं..."

बिल्ला पाकिटात ठेवून ते निघाले.

पुढच्या दोन-तीन वर्षांत आणखी चार बिल्ले आले. विद्यार्थ्यांच्या जुन्या प्रयोगवहीत भाऊ ते टाचून ठेवायचे. एका कंपनीचं रॉकेट बेटावरून सुटलं आणि समुद्रात पडलं. त्या उड्डाणासाठी तर त्यांनी मुद्दाम पत्र लिहायला लावलं. मी म्हटलं, "भाऊ, ते तर फसलं."

"फसलं तं का झालं? त्याचाबी बिल्ला शिवलाच असन ना कोणी. मेहनत तं तेवढीच लागली."

मग भाऊ निवृत्त झाले, आणि उत्तरंही थांबली. का, ते कळलं नाही. दर शनिवारी सायकल भिंतीला टेकवून ते खिडकीशी यायचे.

"आलं काई?"

"नाही, भाऊ."

"येईन. दूर हाय."

असे किती शनिवार गेले. खरं सांगतो, मला त्यांची कीव यायची, पण त्याहून जास्त कंटाळा यायचा. सायकल दिसली की मी रजिस्टरात डोकं घालायचो. त्यांच्या थकल्या तोंडाकडे बघून 'नाही' म्हणणं मला जड झालं होतं.

चंद्रपूरला शाळांचे बिल्ले भरतकाम करून देणारा एक कारागीर होता. कॉम्प्युटरच्या दुकानातून एका उड्डाणाच्या बिल्ल्याचं चित्र काढून घेतलं आणि त्याच्याकडून एक बिल्ला भरून घेतला. जुन्या पाकिटावरचं परदेशी तिकीट सोडवून नव्यावर चिकटवलं. शिक्का पुसट मारला. पोस्टातल्या माणसानं जे कधीच करू नये, ते मी केलं, आणि त्या शनिवारी हसत खिडकीतून पाकीट पुढे केलं.

भाऊंनी बिल्ला काढला. उलटा केला. अंगठा शिलाईवरून फिरत राहिला. बिल्ल्याला मागून लावलेलं कडक कापड शाळेच्या बिल्ल्यांना असतं तसंच होतं, हे मला तेव्हा सुचलंच नव्हतं.

"छान केला हाय, मास्तर," एवढं बोलून ते गेले.

'आला' नाही, 'केला'. माझ्या लक्षात आलं ते घरी पोचल्यावर.

पुढच्या शनिवारी भाऊ आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. ते कंटाळलेत असं मी आधी समजलो. मग उमगलं, मीच कंटाळलोय हे त्यांना त्या बिल्ल्यावरून कळलं होतं. आपण येऊन या माणसाला त्रास देतो, असं त्यांनी धरलं होतं.

सहा-सात महिन्यांनी डाकेच्या थैलीतून पाकीट निघालं. भाऊंच्या नावाचं, अमेरिकेचं. पोस्टमनकडे न देता मी स्वतः तलावाकाठच्या त्यांच्या घरी गेलो. भाऊ खाटेवर बसून भावाचं जाळं सोडवत होते. बरेच वाळले होते.

"भाऊ, आलं!"

त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कायले हो पुन्हा, मास्तर?"

"हे खरं आहे, भाऊ. तिकीट बघा. शिक्का बघा, किती स्पष्ट आहे. उघडून तरी बघा!"

माझा आवाज चढला. मी जितकं पटवू लागलो तितकं ते खोटं वाटू लागलं. मलाच ऐकू येत होतं. भाऊंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"राहू द्या. उघडतो मी सावकाश. तुमाले लय तरास झाला माह्यापायी."

मग आत तोंड करून त्यांनी चहा सांगितला. तलावाला यंदा मासळी कमी आहे, असं काहीबाही बोलत राहिले. मी चहा प्यालो. निघालो तेव्हा ते रस्त्यापर्यंत पोचवायला आले. मागे खाटेवर, जाळ्याच्या गुंत्यात, पाकीट तसंच बंद पडलं होतं.