बाबूसिंगची राजकीय अंत्ययात्रा

घाटंजीत भीमराजचा चेहरा ओळखणारे कमी आणि आवाज ओळखणारे जास्त. ऑटोच्या टपावर भोंगा, मागच्या सीटवर बॅटरी आणि हँडलजवळ फडक्यात गुंडाळलेला माइक, एवढ्या सामानावर या माणसाने अर्धा जन्म मजेत काढला. साड्यांचा सेल लागला की भीमराज, पोलिओचा डोस असला की भीमराज, कोणाची म्हैस सुटली की भीमराज. जाहिरातीत तो बिनदिक्कत थापा मारायचा. अमक्या दुकानातल्या साडीचा रंग जात नाही हे त्याने किती छातीठोकपणे सांगितलं होतं, ते आठवून बायका अजून हसतात.

मयताच्या घोषणेत मात्र थाप नाही. तेव्हा गाणं बंद व्हायचं, ऑटो चौकात उभा राहायचा, आवाज खाली यायचा. मेलेल्याचं नाव, गाव आणि माती किती वाजता, हे तो दोनदा सांगायचा. तो आवाज उतरला की हॉटेलातली माणसं कप हातात तसाच धरून कान द्यायची. मोबाइल तेव्हा एखाद्याच्याच खिशात असायचा. आजूबाजूच्या गावांना आणि तांड्यांना कोण गेलं ते भीमराजकडूनच कळायचं, आणि त्याने सांगितल्यावर खरं की खोटं हे विचारायला कोणी जात नसे. भीमराजला जगात कशाचा अभिमान असेल तर तो एवढ्याच गोष्टीचा होता.

दोन हजार सातच्या सुमारास कापसाने सगळ्यांचे चेहरे उतरवले होते. अशा वेळी पुढाऱ्यांनी कापसावर बोलावं, तर ते बोलत लढाईवर. निवडणूक पंचायत समितीची, पण तोफा धडाडत होत्या, रणशिंगं फुंकली जात होती, किल्ले सर होत होते. घाटंजीत किल्ला कुठे आहे, हे विचारायचं नाही. घरात उंदीर निघाला तर जे पलंगावर चढून बायकोला हाक मारतील, ते स्टेजवर चढून शत्रूला गाडायची भाषा करत होते.

एकीकडे उभे होते बाबाराव. दुसरीकडे जवळच्याच तांड्यावरचा बाबूसिंग राठोड, भीमराजचा जुना दोस्त. बाजाराच्या दिवशी दोघांचा चहा ठरलेला. भीमराज भोंगा दोघांसाठीही फिरवायचा आणि त्याचं बाबूसिंगला काहीच वाटत नसे. धंदा तो धंदा.

बाबारावचा पुतण्या राजदीप हा प्रचाराचा सेनापती. हा शब्दही त्याचाच. एका बाजाराच्या दिवशी बाबूसिंग प्रचारामुळे आलेला नव्हता. राजदीप ऑटोला टेकून म्हणाला, "काकाजी, उद्या अकराले आमची रॅली आहे. असं म्हणजा, बाबूसिंग राठोड यांची राजकीय अंत्ययात्रा, उद्या सकाळी अकरा वाजता."

"अबे, जित्या माणसाची?" भीमराज म्हणाला.

"राजकीय म्हणून राह्यलो ना. लोकायले समजते."

भीमराजला ते फारसं रुचलं नाही, पण राजकीय म्हणजे राजकारणातली, त्यात काय एवढं, असं म्हणून त्याने माइक उचलला. आणि इथे घोटाळा झाला. अंत्ययात्रा हा शब्द ओठावर आला तसा त्याचा हात सवयीने गाण्याच्या बटणावर गेला. ऑटो चौकात उभा राहिला. आवाज खाली उतरला. भर बाजारात त्याने बाबूसिंगची अंत्ययात्रा अशा काही गंभीरपणे दोनदा सांगितली, की भाजी तोलणाऱ्याच्या हातातला काटा थांबला.

राजकीय हा शब्द लोकांनी ऐकलाच नाही असं नाही. ऐकला, नीट ऐकला. पण तांड्यांवर टीव्ही चालायचा हिंदी. दिल्लीत कोणी मोठा माणूस गेला की टीव्हीवरची बाई सांगायची, राजकीय सम्मान के साथ अंतिम संस्कार. म्हणजे सरकारी इतमाम. आपल्या बाबूसिंगला सरकारने एवढा मान दिला, हे ऐकून लोकांना रडताना थोडं बरंसुद्धा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूसिंग अंगणात दाढी करत बसला होता. अर्ध्या गालाला फेस. तेवढ्यात लाकडं भरलेला ट्रॅक्टर आला. मागून रडणाऱ्या बायका आल्या. त्याची बायको हंसाबाई झाडू टाकून धावली आणि कोण गेलं म्हणून विचारू लागली. सगळे बाबूसिंगकडे बघत राहिले. एका म्हाताऱ्याने तर पोलीस बंदुका घेऊन कधी येतात, हेही विचारून घेतलं.

सगळ्यांत मोठ्याने रडत होती धनीबाई, खुद्द बाबारावची आई. लेकाचा प्रचार तिला कोण सांगणार? बाबूसिंगला पाहून ती रडायची थांबली आणि म्हणाली, "मेल्या, मंग मी इतकी उन्हातानात कायले आली?"

बाबूसिंग हसला आणि मग त्याला हसू आवरेना. "आलेच आहा तं चहा घेऊन जा," तो सगळ्यांना म्हणाला. हंसाबाईने मोठं पातेलं चढवलं. त्या दिवशी मातीला आलेली माणसं पोट धरून हसत घरी गेली. बाबूसिंग निवडणूक हरला, तेही थोडक्यात. लांबच्या गावांत तो मेल्याची खबर पोचली होती आणि जिवंत असल्याची पोचली नव्हती. "मेलेल्याले कोन मत देते," एवढंच तो म्हणाला आणि बाजाराला येऊन चहा प्यायला बसला. त्याने भीमराजला माफ करून टाकलं. भीमराजनेही स्वतःला माफ केलं असतं.

पण पुढच्या महिन्यात शकुबाई वारली. शकुबाई सुईण होती. घाटंजीतली निम्मी माणसं जगात आली ती तिच्या हातांत. भीमराजने चौकात ऑटो थांबवला, गाणं बंद केलं आणि आवाज उतरवला. हॉटेलात कोणीतरी हसलं. "आता कोनाची जिरवून राह्यला रे, भीमराज? बुढी कोनत्या पार्टीची?" कप ठेवला नाही की कोणी उठलं नाही. भीमराज तिच्या दारात गेला तर घरची चार माणसं आणि शेजारपाजारचे, बस. जिने अख्ख्या गावाला उचलून घेतलं, तिला उचलायला खांदे कमी. भीमराजला ऑटोतून उतरवेना. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तो तडक तांड्यावर गेला. बाबूसिंगने सगळं ऐकून घेतलं, टोपी घातली आणि ऑटोत पुढे त्याच्या शेजारी येऊन बसला. चौकात त्याने माइक स्वतः हातात घेतला.

"मी बाबूसिंग. मी मेलो नाई, हे तुमी पाहून राह्यले. तो मजाक होता. शकुबाई खरंच गेली. जे जे तिच्या हातचे आहेत, ते चला."

हॉटेल रिकामं झालं. दुकानांची अर्धी फळी ओढून माणसं निघाली. राजदीपही आला. तो शकुबाईच्याच हातचा होता. मुकाट्याने पुढे होऊन त्याने खांदा दिला आणि शेवटपर्यंत बदलू दिला नाही.

भीमराज अजून फिरतो. निवडणुकीचं काम येतं, तो घेतो. आधी सांगून ठेवतो, "तोफा, तलवारी काय चालवाच्या त्या तुमच्या तोंडानं चालवा. माह्या तोंडातून माणूस एकदाच मरते." लोकांना हे पटलंय. निदान त्याच्यापुढे तरी.

बाजाराच्या दिवशी शेवटची फेरी झाली की तो चौकात ऑटो उभा करतो, गाणं बंद करतो आणि अगदी त्याच खालच्या आवाजात दोनदा सांगतो, "कळविण्यास आनंद होतो की तांड्यावरचे बाबूसिंग राठोड खुशाल आहेत." समोरच्या हॉटेलात बसलेला बाबूसिंग कप वर करून दाखवतो. मग भीमराज माइक फडक्यात गुंडाळतो आणि आपला चहा प्यायला त्याच्याकडे जातो.