पुण्याचा जाम

नांदुऱ्याची मोटार सुटायला बराच वेळ होता, पण बाबांनी मला आधीच स्टँडवर आणून उभं केलं होतं. नवं राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं आणि मला पुण्याच्या एका सरकारी कचेरीत कारकुनाची जागा मिळाली होती. जळगाव जामोदच्या आमच्या गल्लीतून पुण्याला नोकरीला जाणारा मी पहिलाच, त्यामुळे निरोपाला अर्धी गल्ली लोटली होती. दिवस थंडीचे होते. मायनं परसातले जाम तोडून फडक्यात बांधून आणले होते. बाबा शाळामास्तर, उपदेशाचा त्यांना कंटाळा नव्हता, पण त्या दिवशी एवढंच म्हणाले, "पोट सांभाळजो. अन् पुण्याचे लोकं हसतीन तुले, तवा तू बी हसजो."

जाम म्हणजे पेरू. हे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं एक जुनं झाड होतं. बाबा त्याची निगा जिवापाड राखत. उन्हाळ्यात पाणी तोडून बुंध्याभोवतीची माती उकरायची, मुळांना ऊन द्यायचं, मग शेणखत भरून आळं बांधायचं, हे सगळं ते स्वतः करत. फळं धरली की मी आणि माझी धाकटी बहीण शांता पोपटांपासून राखायला त्यांना चिंध्या बांधायचो. सुट्टीत बाबा आम्हाला सातपुड्याच्या पायथ्याला न्यायचे आणि तिथं त्यांचा एक खेळ असायचा. डोळे मिटायचे, ते हातात पान देणार, आपण ते चुरगळून वास घ्यायचा आणि झाड सांगायचं. सालई, बेल, निंब, सीताफळ. शांता कधी चुकायची नाही. मी चुकलो की बाबा म्हणायचे, "नाक सर्दीचं हाये का बे तुह्यं?"

कचेरीत पहिल्याच दिवशी मी फडकं सोडलं आणि सगळ्यांना म्हटलं, "जाम घ्या." शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी फडक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "अहो, पेरू आहेत हे. जाम कुठायत?" सगळे हसले. वाईट मनानं नव्हे, पण हसले. बाबांनी सांगितलं होतं तसं मला हसता आलं नाही. माझे कान तापले. त्या आठवड्यात मी 'मले' सोडून 'मला' धरलं, 'काऊन' टाकून 'का' घेतलं आणि जामाला पेरू म्हणायला लागलो. शिकायला वेळ लागला नाही. इतका कमी वेळ लागला, याचीच आता लाज वाटते.

पुढं लग्न झालं. बायको पुण्याचीच. सदाशिव पेठेत दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. घरमालकीणबाईंच्या अंगणात एक मोठं झाड होतं, लांबट चकचकीत पानांचं. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याला फिकट पांढरी, घंटेसारखी फळं यायची. बाई वाटीभर आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "घ्या, जाम आलेत." माझ्या मुलीला ती फळं भारी आवडायची. पाणीदार, मऊ, बी असून नसल्यासारखं. वर्षानुवर्षं मी ते जाम खाल्ले. घरून जे जाम बांधून आणले होते, त्यांचं नाव या दुसऱ्याच फळानं घेतलं आणि मला पत्ताही लागला नाही.

एका दिवाळीला घरी गेलो होतो. परसातली न्हाणीजवळची जागा मोकळी दिसली. मी विचारलंही नाही. पुढं शांताकडून कळलं की झाडाला उधई, म्हणजे वाळवी, लागली होती आणि पावसाळ्यात ते कोसळलं होतं. परतताना मोटारीच्या खिडकीशी येऊन माय म्हणाली, "पुढच्या खेपेले एक जामाचं कलम आणजो रे वासू. मऊ, बिनबियाचं. पुण्याकडं भेटते म्हणतात. तुह्या बाबाले आता बिया चावत नाहीत." गाडी हलली. मी हो म्हणून हात केला.

मऊ आणि बिनबियाचं! माझ्या डोळ्यांपुढं मालकीणबाईंचं झाड उभं राहिलं. दुसरं काही आलंच नाही. नर्सरीवाल्यानं विचारलं, "पांढरा की लाल?" मी रुबाबात सांगितलं, "पांढरा." मुळांना गोणपाट बांधलेलं ते कलम मांडीवर घेऊन मी निघालो. मनमाडला गाडी बदलली, भुसावळला बदलली, तांब्यातलं पाणी आधी त्याला घातलं आणि मग मी प्यालो. लेक म्हणून एवढं केलं याचं मला कोण समाधान वाटलं होतं.

मायनं दारातच कलम हातात घेतलं. एक पान तोडलं, चुरगळलं आणि नाकाशी नेलं. मग तिनं बाबांकडं पाहिलं. बाबांनी हात पुढं केला, तेच पान हुंगलं आणि म्हणाले, "न्हाणीजवळच लावून टाकू." माय म्हणाली, "लय दुरून आणलं रे माह्या राजा." मला वाटलं, दोघांना भरून आलंय. ज्या घरात तो खेळ मी लहानपणापासून खेळलो, त्या घरात मी पान चुरगळून पाहिलं नाही. मी चहा मागितला.

त्यानंतर दर खेपेला मी विचारायचो, "जाम धरला का?" माय म्हणायची, "धरीन, धरीन." आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. विहिरी तळाला जातात, माणसांच्या पाण्याचीच मारामार. मायनं त्या परक्या झाडाला कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा आडोसा केला, बुंध्याशी पाचोळा अंथरला, भांड्यांचं निवळीचं पाणी साठवून संध्याकाळी घातलं. गल्लीतल्या एकीनं जामाचं चांगलं रोप देऊ केलं, तर तिनं घेतलं नाही. जागा तेवढीच होती, पाणी तेवढंच होतं. पण शांतानं सांगितलं ते कारण वेगळं होतं. माय तिला म्हणाली होती, "वासू इचारीन, हे काऊन लावलं, तर त्याले काय सांगू?"

आणि एक गोष्ट. एका हिवाळ्यात मी घरी असताना बाबा बाजारातून आले आणि मायला म्हणाले, "पेरू आणले हाये. वासूले दे." मी मनात खूश झालो. म्हटलं, बाबांची भाषा सुधारतेय. मुलगा पुण्यात असल्याचा काहीतरी उपयोग.

बाबा चैत्रात गेले. तार मिळून मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. झाड त्या वर्षी फळांनी भरलं होतं. दिवस करायला आलेल्या एका मावशीनं परसात विचारलं, "हे कायचं फळ हाये वो?" मी सांगितलं, "जाम." शांता न्हाणीजवळ भांडी घासत होती. ती हातातलं पातेलं टाकून उठली.

"दादा, जाम म्हणजे जाम! बाबा खात होते तो. मीठ-मिरची लावून. तू बी खाल्ला न लहानपणी?"

मी म्हटलं, "म्हणजे पेरू?" आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडला तेव्हाच मला सगळं कळलं.

"मायले त्याच दिवशी समजलं," शांता रडत बोलत होती. "पान चुरगळून पाह्यलं न तिनं. बाबाले बी समजलं."

"मंग मले सांगितलं काऊन नाही?" किती वर्षांनी माझ्या तोंडून ती बोली आली, ती अशी आली.

"बाबा नाही म्हणे. म्हणे, पोरगं रातभर मांडीवर घेऊन आलं, त्याले कायले दुखवता? तू आला का घरात सगळ्याईनं पेरू म्हणायचं, असं सांगून ठेवलं होतं त्याईनं. गेल्या साली या झाडाचं पह्यलं फळ खाल्लं त्याईनं. म्हणे, पाणचट हाये. पण सगळं खाल्लं."

आपल्या घरात, आपल्या परसात उभं राहून माझे आईवडील आपला शब्द गिळत होते, आणि मला ते सुधारणं वाटत होतं. बाबांना आयुष्यात माझ्याकडून एक फळ हवं होतं. तेही त्यांनी स्वतः मागितलं नव्हतं, मायनं मागितलं होतं. ते मला देता आलं नाही, आणि माझी चूक झाकायला त्यांनी उरलेली वर्षं खर्ची घातली. त्या दुपारी मी मायजवळ बसलो आणि म्हटलं, पुढच्या वेळी नक्की आणतो, पेरूचं, म्हणजे जामाचं कलम, नीट पाहून आणतो. माय रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आता कोणासाठी आणतं रे?"

मायच्या मागं घर शांताकडं आलं. ती आणि तिची माणसं तिथं राहतात. मी वर्षाकाठी एकदा जातो. तुम्ही जे गावीच राहिलात, ते आम्हाला पाहून अंथरूण झटकता, पाण्याचा तांब्या ठेवता, गोड करता. आणि माझ्यासारखे जे निघून गेले, ते या सरबराईला माया समजतात. माया असतेच. पण तिच्यात आमच्यासाठी काय काय लपवून ठेवलेलं असतं, ते आम्ही विचारत नाही.

गेल्या हिवाळ्यात ओसरीत बसलो होतो. आत शांता सुनेला हळूच म्हणाली, "दोन जाम काप गं, पिकले पाहून." मग बशी घेऊन बाहेर आली, माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "दादा, पेरू घे."

मी म्हटलं, "शांते, आता तरी माह्यापुढं जाम म्हण."

तिनं तोंड उघडलं, थांबली आणि कसनुसं हसली. म्हणाली, "तू समोर असला का निघतच नाही रे तोंडातून. सवय झाली."

ती आत गेली. आत पुन्हा बोलणं सुरू झालं, त्यांचं आपसातलं, मोकळं. माझं घर तिथं आत आहे, भिंतीपलीकडं. मी ओसरीत बसून पेरू खाल्ला.