तात्यांचं औषधपाणी

मी हिशेब तपासतो, म्हणजे संशय घेण्याचे पैसे घेतो. एक मसाल्याचा कारखाना विकला जाणार होता. खरेदीदाराने मला पाठवलं. वहीत दरमहा एक खर्च होता, ‘तात्यांचं औषधपाणी’. मालकाचे काका कंपनीच्या पैशाने बरे होताहेत तर! मी ऐटीत लाल गोल काढला.

“सुमनताई, या तात्यांना बोलवा. नाहीतर व्यवहार मोडेल.”

हिशेबनीस सुमनताई हसल्या. “ते कुठले यायला? तुम्हीच चला, साहेब.”

शेडमध्ये जुनं कांडपयंत्र धपधपत होतं. “हेच तात्या. तेल आणि पट्टा, एवढंच त्यांचं औषध. पावत्या आहेत सगळ्या.”

सकाळीच यंत्रांच्या यादीत मी त्याच्यापुढे ‘भंगार’ लिहिलं होतं. इथे त्याला अहो-जाहो होतं. मी दोन्ही खोडलं, गोल आणि भंगार. निघताना नकळत वाकून म्हणालो, “येतो, तात्या.”