साडेदहाचं पाणी

आमच्या गावात नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, आणि ते किती वाजता येईल हे फक्त पाणी सोडणाऱ्या काकांना ठाऊक असतं. लाइट किती वेळ होती, टाकी किती भरली, यावर ते ठरतं. टाकीचा वॉल्व्ह फिरवायच्या आधी काका सायकलवर वस्तीवस्तीत ओरडत फिरायचे. बंजाऱ्यांचा तांडा गावाच्या वर, माळावर आहे. तिथे सायकल हातात धरून चढावं लागतं. गेल्या कापसाच्या हंगामाआधी ते आमच्या ओसरीवर येऊन बसले.

"बाई, तू तं दिवसभर कंप्युटरवरच राह्यतं. लोकाइच्या मोबाइलवर पाण्याचा टाइम जाईन असं काही करून दे ना. आता तांड्यावर चढनं होत नाई माह्याच्यानं."

मी हो म्हणाले. नाही म्हणायलासुद्धा थोडी ताकद लागते, तेवढीही माझ्यात नव्हती.

आई एकटी पडल्यापासून मी दारव्ह्याजवळच्या या गावात राहून पुण्याच्या कंपनीचं काम करते. कोणाची तरी जुनी, अवजड यंत्रणा घ्यायची, तिचे छोटे छोटे स्वतंत्र तुकडे करायचे आणि ते डेटाबेससकट क्लाउडवर, म्हणजे दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, नेऊन बसवायचे. या तुकड्यांना आम्ही मायक्रोसर्व्हिसेस म्हणतो. दहा वर्षं हेच चाललं आहे. एका ग्राहकाचं बसवून होतं, तोवर दुसऱ्याचं येऊन पडलेलं असतं. मधल्या काळात कोणी मला विचारलं की बरी आहेस का, तर मी स्क्रीनकडे बघून उत्तर देते.

गावाच्या पाण्याचं कामही मी त्याच सवयीने केलं. एक सर्व्हिस लोकांची नावं आणि नंबर सांभाळणारी, दुसरी वेळा ठेवणारी, तिसरी संदेश पाठवणारी. तिघींच्या मागे एक डेटाबेस. कंपनीतली माझी मैत्रीण फोनवर हसली. "चार वस्त्यांच्या नळाला तीन सर्व्हिस?" तिचं बरोबर होतं. एका छोट्या प्रोग्रॅमने भागलं असतं. पण हाताला दुसरं वळणच राहिलं नव्हतं.

लॅपटॉपवर सगळं नीट चाललं. मग एका मंगळवारी सकाळी ते क्लाउडवर चढवायला बसले. मोबाइलचं नेट अर्ध्यात तुटायचं आणि चढवलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून. कसंबसं चढलं तर संदेश पाठवणारी सर्व्हिस डेटाबेस तयार व्हायच्या आधीच जागी व्हायची, डेटाबेस सापडला नाही म्हणून बंद पडायची, पुन्हा उठायची, पुन्हा पडायची. तिला थांबायला शिकवलं. मग पासवर्ड चुकीच्या जागी ठेवलेला निघाला. आईने दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा त्यावर साय धरली. साडेआठला सगळं सुरू झालं. 'पाणी सोडले आहे' असा चाचणीचा संदेश माझ्या फोनवर आला. मी काकांना फोन करून सांगितलं, "टाका आता आजची वेळ."

त्या दिवशी तांड्याची पाळी होती. काकांनी आपल्या मोबाइलवरून दुपारी चारची वेळ टाकली. संदेश तांड्यावरच्या लोकांनाच जाणार होता, त्यामुळे माझ्या फोनवर तो आला नाही. मी तो पाहिला नाही. दहा वाजता कंपनीची बैठक सुरू झाली आणि मी कानाला हेडफोन लावून बसले.

बारा वाजता काका फाटकात उभे. सायकलवरून उतरलेही नव्हते.

"बाई, काय टाइम धाडला तू? तांड्यावरच्या बाया कापूस येचनं सोडून घरी आल्या. दीड घंट्यापासून नळापाशी बसून हायेत."

"तुम्ही किती टाकला होता?"

"म्या चारच टाकला. त्याइच्या मोबाइलवर साडेदहा हाय."

चार आणि साडेदहा. मधे साडेपाच तास. मला कोड बघायचीही गरज नव्हती. क्लाउडवरचे सर्व्हर आपल्या घड्याळावर चालत नाहीत, ते जगाच्या प्रमाणवेळेवर चालतात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. माझ्या लॅपटॉपचं घड्याळ इथलंच होतं, म्हणून घरी चूक दिसली नव्हती. नव्या मुलांना शिकवताना मी ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगते. काकांना फाटकातच उभं ठेवून मी एक ओळ दुरुस्त केली आणि पुन्हा चढवलं. वीस मिनिटं गेली.

"झालं," मी म्हणाले. "नवा संदेश गेला. आता चार दाखवतंय."

"थे झालं. पण तू चाल माह्यासंगं. म्या काय सांगू त्याइले?"

बैठक अजून संपली नव्हती. मी हेडफोन टेबलावर ठेवला आणि निघाले.

तांड्याच्या नळापाशी वीसेक बायका होत्या. पाण्याचे गुंड, हंडे, प्लास्टिकच्या कॅना रांगेत. काहींच्या कमरेला कापूस वेचायची ओटी तशीच बांधलेली. मी सांगितलं की चूक माझी आहे, काकांची नाही. यंत्र दुसऱ्या देशाच्या घड्याळावर चाललं आणि मी ते तपासलं नाही.

एक म्हातारी दगडावर बसली होती. ती म्हणाली, "मंग थ्या देशात आलं आसन पानी साडेदहाले."

दोघी-तिघी हसल्या. मी हसू शकले नाही.

एक तरुण बाई मात्र रागात होती. "आर्धा दिवस गेला आमचा. आता चार वाजेपरेंत वावरात जाऊन तरी काय करू? काका आवाज देत येत होते तं आम्ही इचारत होतो, नक्की का जी? थे सांगत होते, लाइट गेली तं उशीर होईन. याले कसं इचाराचं?"

तिने हातातला जुना फोन माझ्यापुढे धरला.

"आन् हा संदेश मले आलाच नाई," ती पुढे म्हणाली. "नवऱ्याले आला. थो वणीले कोळशाच्या ट्रकवर हाय. त्यानं तिथून फोन केला का घरी जाय, पानी येऊन राह्यलं. त्याले काय करायचं हाय पान्याचं?"

मग एकेक जण बोलू लागली. कोणाचा नंबर दिराचा होता, कोणाचा यवतमाळला शिकणाऱ्या मुलाचा. यादी ग्रामपंचायतीतून आली होती आणि तिथे घरटी पुरुषाचा नंबर होता. मी ती जशीच्या तशी डेटाबेसमध्ये ओतली होती. तीन सर्व्हिस वेगळ्या करायला मला तीन आठवडे लागले. पाणी कोण भरतं हे मी एकदाही मनात आणलं नव्हतं.

घरी परत जायचा मला कंटाळा आला. मी तांड्यावरच्या एका पोराला घरून लॅपटॉप आणायला पाठवलं आणि म्हातारीने सरकून दिलेल्या जागेवर बसले. एकेक बाई येई, नंबर सांगे, मी जुना काढून तिचा टाकी. काहींना स्वतःचा नंबर पाठ नव्हता; त्या माझ्या फोनवर मिस कॉल देत. चार जणींकडे फोनच नव्हता, त्यांच्यासाठी शेजारणीचा टाकला. संदेशाच्या शेवटी काकांचा नंबर जोडला, म्हणजे विचारायचं असेल तर विचारता येईल.

काका बाजूला उभे राहून ऐकत होते. "म्हंजे आता दिवसभर मले फोन," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

रागावलेली बाई शेवटी आली. तिने नंबर सांगितला, स्क्रीनवर वाकून पाहिला आणि एक आकडा चुकला होता तो दाखवला. मी दुरुस्त केला. "आता वाचून दाखव," ती म्हणाली. मी वाचून दाखवला. ती आपल्या हंड्यांकडे गेली.

काका वॉल्व्ह सोडायला खाली निघून गेले होते. माझ्या फोनवर कंपनीचे संदेश साचत होते, पण मी ते उघडले नाहीत. चार वाजून दहा मिनिटांनी नळाने आधी हवा टाकली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ.