शिलाईबाईचे डोळे आणि बासष्ट आमेन

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या बायकांची मापं शिलाईबाईला तोंडपाठ आहेत, पण कुणाची कंबर किती वाढली हे तिच्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. जिन्याखालच्या दीड खोलीत तिचं मशीन आणि कापड बेतायचं टेबल. नवरा गेल्यापासून घर त्या मशीनवरच चालतं. माझी ती बावीस वर्षांची मैत्रीण.

मंगळवारी म्हणाली, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघालाय. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. देवाच्या कानावर घाल, पण बाहेर बोलू नकोस."

देवाच्या कानावर मी घातलंच. पण एकटीच्या प्रार्थनेत जोर तो किती, म्हणून मंडळीच्या ग्रुपवरही टाकलं. नाव लिहिलं नाही हं. 'आपल्या एका शिवणकाम करणाऱ्या भगिनीच्या डोळ्यांसाठी', एवढंच. मंडळीत शिवणकाम करणारी ती एकटीच. दुपारपर्यंत बासष्ट आमेन आले.

संध्याकाळपासून आमेनवाल्या एकेक करून तिच्या दारात. "तू आराम कर गं," म्हणत प्रत्येकीने आपलं कापड मोठ्या प्रेमाने परत नेलं. पाळकबाईंनी तर गायकवृंदाच्या अठरा झग्यांचा तागाच उचलला, आणि जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थनाही केली.

शुक्रवारी मी खालमानेने गेले. टेबल रिकामं. ती एका चिंधीवर काजं करत बसली होती.

"देवाला सांग म्हटलं होतं," ती म्हणाली, "त्याच्या सगळ्या गोतावळ्याला नाही."

"चुकलं माझं. तुला अजून नीट दिसतं, असं सांगते सगळ्यांना."

"खोटं कशाला? नाहीच दिसत नीट. शिवतात ती बोटं. त्यांची चौकशी केली कुणी?"

मी पिशवीतून लेकीच्या लग्नाच्या झग्याचं कापड काढलं. तिने पोत चिमटीत चाचपला.

"दयेचं काम मी घेत नाही."

"दया कसली? लग्न बारा दिवसांवर आलंय. एवढ्यात दुसरं कोण घेणार?"

"मग बस. ही सुई ओवून दे."

मी खिडकीशी गेले. दोरा ओला केला, टोक चावलं, चष्मा कपाळावर चढवला, परत नाकावर आणला. नेढं काही सापडेना. तिने सुई काढून घेतली, बोटाने चाचपली आणि दोरा आरपार.

"डोळे तपासून घे बाई," ती म्हणाली. "प्रार्थना करीन तुझ्यासाठी. ग्रुपवर टाकणार नाही."

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं, लेकीचा झगा शिलाईबाईच शिवतेय. आमेन एकही आला नाही. तासाभराने पाळकबाईंनी मात्र विचारलं, अठरा झग्यांसाठी तिला वेळ होईल का.

मी लिहिलं, "तिलाच विचारा."